ट्रंकेतून नेलेला प्रश्न

दिवाळी अंकासाठी लेख हवा, असे संपादकांचे पत्र ज्या दिवशी हाती पडले, त्याच दिवशी रात्री बर्लिनहून आमच्या नातीचा फोन आला. सहा महिन्यांसाठी ती तिकडे शिकावयास गेली आहे. आवाजावरून पोरगी रडकुंडीला आली आहे, हे मी ओळखले. मला वाटले, जेवणाचे हाल होत असतील. पण तसे काही नव्हते.

“आजोबा, इथं प्रत्येकानं स्वतःचं असं एक छोटं संशोधन करायचं असतं. विषय आपला आपण शोधायचा. प्रोफेसरांकडे गेले, तर ते नुसतं ‘तुला काय जाणून घ्यायचंय?’ एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. मला काही सुचतच नाही. तुम्ही सांगा ना एखादा!”

आता चाळीस वर्षे कॉलेजात इतिहास शिकविलेल्या माणसाला कोणी विषय मागावा, म्हणजे हलवायाकडे पेढा मागण्यासारखेच आहे. विद्यार्थ्यांना विषय देणे हा आमच्या धंद्याचाच भाग. मी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. कारण विषय देणे सोपे असते, प्रश्न देता येत नाही. तो ज्याचा त्याने घरून न्यावा लागतो. लोणच्याची बरणी आणि मेतकुटाचा डबा जसा ट्रंकेत भरून न्यावा, तसाच. ट्रंका आता राहिल्या नाहीत, हे मला माहीत आहे. पण बॅगेत प्रश्न भरून नेला असे म्हणावयास माझी जीभ वळत नाही.

“चार माणसांची गोष्ट सांगतो,” मी म्हटले, “मग तुझं तू ठरव.” तिला जी गोष्ट फोनवर तुटक तुटक सांगितली, तीच वाचकांसाठी येथे जरा सविस्तर मांडीत आहे. चौघेही मराठी घरांतले, चौघेही विद्यार्थीदशेत परदेशी गेलेले. गंमत अशी की, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बोटींतून जाताना चौघांच्याही ट्रंकेत एकच प्रश्न होता. जात म्हणजे काय?

त्यांच्याही आधी एक बाई गेली होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहाच दिवसांत गेले. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. प्रबंधात आयुर्वेदातले आधार आणि अमेरिकन ग्रंथांतले आधार शेजारी शेजारी ठेवले. हा विषय त्यांनी का निवडला असेल, हे सांगण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्याही नसताना, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जातीविषयी जे काही छापील शास्त्र होते, ते बहुतेक साहेबांचे होते. त्यात हर्बर्ट रिझले या सनदी अधिकाऱ्याचा शब्द मोठा. १८९१ मध्ये त्याने बंगालच्या जातीजमातींवर जाडजूड ग्रंथ काढले आणि १९०१ ची शिरगणती त्याच्याच देखरेखीखाली सुरू झाली. या गृहस्थाने लोकांची नाके मोजली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे, की झाला नासिकांक. हा अंक जितका लहान तितके नाक सरळ. आणि नाक जितके सरळ तितकी जात वरची, असा त्याचा सिद्धान्त. म्हणजे जातीचे मूळ वंशात, आणि वंशाची साक्ष नाकावर! ‘नाकावर टिच्चून’ हा वाक्प्रचार आपण फार वर्षे वापरीत आलो, पण नाकावर टिच्चून शास्त्र उभे करण्याचा मान रिझलेसाहेबाकडेच जातो.

सरकारी छापखान्यातून निघालेल्या या शास्त्राला उत्तर द्यावयाचे, तर ते मुंबई-पुण्यात बसून देणे अवघड होते. ग्रंथ नाहीत, वेळ नाही, शिष्यवृत्ती नाही. शिवाय जातीबद्दल थंड डोक्याने बोलावयास घरात कोण देतो?

पहिले गेले श्रीधर व्यंकटेश केतकर. १८८४ चा जन्म, रायपूरचा. १९०६ मध्ये ते न्यूयॉर्क संस्थानातील इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. केतकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे राहतात, आणि त्यांच्यामागे तो विक्षिप्त, कर्जबाजारी, अफाट माणूस. पण ज्ञानकोशाच्या कितीतरी आधी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १९०९ साली त्यांचा ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हा ग्रंथ इथाका येथे प्रसिद्ध झाला. त्यांनी नाके मोजली नाहीत. मनुस्मृती उघडली आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या समाजाविषयी हा ग्रंथ काय साक्ष देतो, ते वकिलाने साक्षीदार तपासावा तसे तपासले.

त्या पुस्तकात जातीची एक व्याख्या आहे. जात म्हणजे असा गट की, ज्यात त्या गटातल्यांच्याच पोटी जन्मलेल्यांना प्रवेश, आणि ज्यातल्या माणसांना गटाबाहेर लग्न करण्यास समाजाची सक्त मनाई. वाचावयास साधी वाटते. पण तीत रंग नाही, रक्त नाही, नाक नाही, धंदा नाही, सोवळेओवळे नाही. साहेबांनी जमविलेल्या पसाऱ्यातले नेमके दोनच धागे केतकरांनी उचलले. १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि नंतर ते परतले. पुस्तक मात्र तिकडेच, अमेरिकेच्या ग्रंथालयांत, वाचकाची वाट पाहत राहिले.

वाचक आला. १९१३ मध्ये न्यूयॉर्क शहरात, इथाकापासून दोनशे मैलांच्या आसपास, कोलंबिया विद्यापीठात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्यात नोकरीचा करार. शिष्यवृत्तीचा मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याप्रमाणे त्यांनी १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर आणि अर्थव्यवहारावर एम. ए. चा प्रबंध लिहून दिला. येथपर्यंत सारे शिस्तीत, करारानुसार.

पण त्याच काळात हा विद्यार्थी अलेक्झांडर गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चावर्गातही बसत होता. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस यांनी काही वर्षांपूर्वीच अमेरिकेत आलेल्या परदेशी कुटुंबांतील हजारो माणसांची डोकी मोजून दाखवून दिले होते की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. म्हणजे ज्या डोक्याच्या मापावर वंशाचा किल्ला उभा होता, ते माप एका पिढीत हलते! कोलंबियात वारे असे वाहत होते.

९ मे १९१६ रोजी या वर्गात आंबेडकरांनी एक निबंध वाचला. हिंदुस्थानातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास, असा त्याचा विषय. हा निबंध पदवीसाठी नव्हता. करारात तो कोठेच बसत नव्हता. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपला आपण काढलेला प्रश्न होता तो. ही गोष्ट मी नातीला दोनदा सांगितली.

निबंधात आंबेडकरांनी चार पंडितांच्या व्याख्या तपासल्या आहेत. फ्रान्सचा सेनार, नेसफील्ड, आपले रिझलेसाहेब आणि केतकर. पहिल्या तिघांना त्यांनी थोडक्यात निकालात काढले. केतकरांपाशी मात्र ते थांबले. या देशातला माणूस असून चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने केतकरांनी जातीचा अभ्यास केला आहे, असे त्यांनी म्हटले आणि मगच त्यांच्या व्याख्येवर बोट ठेवले. केतकर दोन लक्षणे सांगतात, ती दोन नव्हेतच. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करावयाचे नाही असे ठरले, की आत जन्मलेल्यांशिवाय दुसरे कोणी उरतच नाही. तेव्हा जातीचा प्राण एकच, आपल्यातल्या आपल्यात लग्न.

चित्पावन घरातल्या एका तरुणाने इथाकात लिहिलेली व्याख्या महार घरातल्या दुसऱ्या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये हातात घेतली आणि तिला धार लावली. हे दोघे त्या वेळी पुण्यात एका पंक्तीला बसू शकले नसते. साताऱ्याच्या शाळेत याच आंबेडकरांना बसावयास वेगळे गोणपाट न्यावे लागे, आणि शाळेतला नळ त्यांना आपल्या हाताने सोडता येत नसे. संस्कृत शिकावयास मिळाले नाही म्हणून ते फारशी शिकले. त्या माणसाने निबंधाच्या शेवटी काय म्हणावे? शास्त्राच्या प्रांतात भावनेला थारा नको. आणि माझी उपपत्ती निराधार ठरली, तर ती सोडून देण्यास मी तयार आहे! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आपल्यावर असे काही ओढवले असते, तर आपण असे लिहिले असते काय? मी तर नसते लिहिले.

निबंधाचा गाभा थोडक्यात सांगतो, कारण नावाजलेला असूनही तो वाचणारे थोडे. गटातल्या गटात लग्ने ठेवावयाची, तर पुरुष आणि बायका यांची संख्या बरोबर राहिली पाहिजे. पण नवरा आधी मेला तर मागे बाई जास्तीची उरते, बायको आधी मेली तर पुरुष जास्तीचा. त्या जास्तीच्या बाईचे करावयाचे काय? तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. जास्तीच्या पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष. मग त्याच्यासाठी खालच्या वयातली, अजून लग्नाला न आलेली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा हिशेब जातीच्या कुंपणाशी असा जुळतो. ज्या वर्गाने प्रथम आपले दार लावून घेतले, त्याचे पाहून इतरांनी लावले, आणि काहींना दार बाहेरूनच बंद झालेले आढळले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडलेला हा ताळेबंद आहे. जमेची बाजू, खर्चाची बाजू, आणि शिल्लक राहिलेल्या बाईची चिता. त्यात एकही शिवी नाही.

१९१७ च्या मे महिन्यात हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्याच उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना परतावे लागले, आणि त्यांची पुस्तके नेणारी बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. पुढे नोकरी करून, पैसे साठवून, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन आणि शाहू महाराजांच्या साहाय्याने ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. परीक्षकांना त्यातली मते झोंबली. तो पुन्हा लिहावा लागला, आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि तीत शिष्याशी आपले कोठे जुळत नाही तेही सांगून टाकले. असा गुरू लाभणे भाग्याचे. सर्वांच्या नशिबी तो नसतो, हे पुढे येईलच.

तिसरे गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे, संस्कृतचे पंडित. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग काढला होता. गेडिस यांच्याच शिफारशीवरून १९२० मध्ये घुर्ये विलायतेस गेले. लंडनमध्ये थोडे दिवस काढून ते केंब्रिजला डॉ. रिव्हर्स यांच्याकडे आले. रिव्हर्स १९२२ मध्ये अचानक वारले, तेव्हा हॅडन यांनी त्यांना सांभाळून घेतले. घुर्ये यांनी थेट रिझलेच्या मापांनाच हात घातला. तेच आकडे, तीच नाके, पण प्रांतवार लावून पाहिली. निष्कर्ष असा की, उत्तर हिंदुस्थान सोडला, तर कोठल्याही भाषेच्या प्रदेशात नाकांचा चढउतार आणि जातींचा चढउतार यांचा मेळ बसत नाही. हे सारे १९३२ मध्ये ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या त्यांच्या पुस्तकात आले. साहेबाचीच फूटपट्टी घेऊन साहेबाची चूक मोजली. यात मला तरी कोकणी मिस्कीलपणा दिसतो.

घुर्ये परतले आणि मुंबईत शिकवू लागले. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत एक मुलगी होती. म्यानमारातल्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशातल्या, मिंजान गावी जन्मलेली. तिथल्या नदीवरून नाव ठेवलेली इरावती. पुण्यात ती रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली आणि कर्व्यांच्या घरी सून म्हणून आली. घुर्ये यांच्या हाताखाली तिने आपल्याच जातीवर, चित्पावनांवर, एम. ए. चा प्रबंध लिहिला. नंतर तिने जर्मनीस जावयाचे ठरविले, तेव्हा सासरे त्याला अनुकूल नव्हते. आणि सासरे कोण? ज्यांनी विधवेशी विवाह केला, ज्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले, ते महर्षी धोंडो केशव कर्वे! सुधारकांच्या घरातही सुनेच्या बोटीचा प्रश्न निघाला, की अडते ते असे. नवरा दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते मात्र पाठीशी उभे राहिले. पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले. आणि विशीतली ही बाई एकटी बर्लिनला गेली.

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासाची एक भव्य संस्था उघडली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर. फिशरसाहेबांची एक लाडकी कल्पना होती. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ. म्हणून त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा. म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसावयाची, आणि इतर वंशांची असावयाची. हे सिद्ध करणे एवढेच बाकी होते, आणि ते काम त्यांनी या हिंदुस्थानी विद्यार्थिनीकडे सोपविले.

वाचकांनी क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. बाहेर बर्लिनची थंडी. काचेच्या कपाटांत रांगेने मांडलेल्या कवट्या, कोठून कोठून आणलेल्या, कोणाकोणाच्या. समोर मापाचा कंपास घेऊन बसलेली पुण्याची सून. डावी बाजू मोजावयाची, उजवी मोजावयाची, आकडा लिहावयाचा, दुसरी कवटी घ्यावयाची. अशा १४९ कवट्या तिने मोजल्या. आणि आकडे सांगू लागले की, कवट्या वाकड्या आहेत खऱ्या, पण त्या वाकडेपणाचा वंशाशी काडीचा संबंध नाही. गोऱ्याची तेवढी वाकडी आणि काळ्याची सरळ, असे काही नाही. आपण सारेच थोडे थोडे वाकडे.

येथे जपून पाहिले पाहिजे. ही मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत लिहीत होती. डोक्यावर कर्ज. पदवी ज्याच्या सहीने मिळावयाची, तो माणूस त्या शास्त्रातला बडा प्रस्थ, आणि त्याला हवे असलेले उत्तर तिला पक्के ठाऊक. आकड्यांना थोडे इकडून तिकडे वळविले असते, किंवा निष्कर्ष नुसता धूसर ठेवला असता, तरी कोणाला कळले नसते. तिने तसे केले नाही. जे मोजले ते लिहिले. फिशरसाहेबांनी तिला उत्तीर्ण केले, पण अगदी खालच्या श्रेणीत, असे तिचे चरित्रकार सांगतात. १९३० मध्ये इरावतीबाई डॉक्टर होऊन परतल्या.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेतल्या शास्त्राने नाझी राजवटीला वंशशुद्धीसाठी लागेल तो आधार पुरविला. फिशर यांच्यानंतर आलेल्या संचालकाच्या काळात आउश्वित्झच्या छळछावणीतून तेथे माणसांचे अवयव अभ्यासासाठी पाठविले गेले. ती इमारत डालेममधल्या इनेस्ट्रास नावाच्या रस्त्यावर उभी आहे, आणि हा सारा इतिहास सांगणारी पाटी तिच्यावर १९८८ मध्ये लावली गेली.

आता एक गोष्ट इरावतीबाईंच्या विरुद्धही सांगावयास हवी, नाहीतर लेख आरतीसारखा होईल. वंशाचे शास्त्र एवढ्या जवळून खोटे पडलेले पाहूनही त्यांनी मापाचा कंपास टाकला नाही. पुण्यास डेक्कन कॉलेजात आल्यावर त्या वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर हिंडून माणसे मोजीत राहिल्या. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी त्या मापांचे पुस्तक काढले. ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’ लिहिणारी हीच लेखणी हे आकड्यांचे तक्तेही भरीत होती, हे आपल्यातले पुष्कळजण विसरतात. डोकी मोजून समाज कळतो काय? मला नाही वाटत. पण त्या आकड्यांतूनही त्यांनी काढले ते गुरूला न रुचणारेच. मूळच्या एका जातीची शकले होऊन पोटजाती झाल्या, असे घुर्ये यांचे मत. इरावतीबाई म्हणाल्या, तसे नाही. ज्यांना आपण ब्राह्मणांच्या पोटजाती म्हणतो, ते पुष्कळदा मुळातच निरनिराळे गट, एका नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसलेले. बर्लिनमध्ये लागलेली खोड मुंबईच्या गुरूपुढेही गेली नाही.

आणि या गोष्टीतला सर्वांत सुंदर धागा माझ्या हाती फार उशिरा लागला. १९४८ मध्ये बाबासाहेबांचे ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, म्हणून अस्पृश्य, हे मत खोडून काढावयास त्यांनी त्यात कोठले आकडे घेतले असतील? घुर्ये यांच्या पुस्तकातले! प्रांतवार नासिकांक मांडून ते दाखवितात की, मापांचा कौल खरा धरावयाचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. १९१६ मध्ये केतकरांची व्याख्या, १९४८ मध्ये घुर्ये यांची मापे. रिझलेसाहेबाने नाकावरून उभारलेली भिंत ही माणसे अशी एकमेकांच्या हातात विटा देत देत उतरवीत होती. एकमेकांशी त्यांचे जुळत होते असे मुळीच नाही. पण वाचत होती एकमेकांना.

एवढे सारे ऐकून नात म्हणाली, “आजोबा, ती इमारत माझ्या कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर आहे. पाटीसुद्धा पाहिली मी. पण त्या पाटीवर इरावतीबाईंचं नाव काही नाही आठवत.” मग थोडे थांबून, “तुम्हीही गेला होतात ना विलायतेला? तुमचा प्रश्न कोणता होता?”

हे येणार, हे मला माहीत असावयास हवे होते.

मी गेलो होतो १९७३ साली. आमचे गाव साताऱ्याकडचे. गावात दोन विहिरी होत्या. वरची आमच्या आळीला, खालची ओढ्यापलीकडच्यांना. लहानपणी मी आजीला विचारले होते, “दोन कशाला?” तिने सांगितले, “पहिल्यापासून आहेत.” पुढे इतिहास शिकल्यावर कळले की, ‘पहिल्यापासून’ असे काही नसते, प्रत्येक विहीर कोणीतरी, कोणत्या तरी साली, कोणाच्या तरी पैशाने खणलेली असते. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्यावर एवढे रामायण झाले, पण आमच्या गावच्या या दोन विहिरी केव्हापासून दोन आहेत, हे कोठल्या कागदात सापडेल काय? माझ्या ट्रंकेत हा प्रश्न होता.

माझ्या मार्गदर्शकांना तो पसंत पडला नाही. माणूस सज्जन होता, नाव घेत नाही. विहिरीवर प्रबंध होत नसतो, साधने मिळणार नाहीत, त्यापेक्षा साताऱ्याकडील जमीनमहसुलाच्या बंदोबस्तावर काम करा, कागद येथेच भरपूर आहेत, असे ते म्हणाले. कागद खरोखरच भरपूर होते. ब्लॅकफ्रायर्स रोडवर तेव्हा इंडिया ऑफिसचे ग्रंथालय होते. तेथे दोन वर्षे बसून मी धाऱ्याचे दर उतरविले. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. प्रबंधाची एक प्रत आमच्या कॉलेजच्या कपाटात आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती आजवर दोघांनी नेली. त्यांतला एक मी.

फोन ठेवल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढविली. दिवाळीची साफसफाई चाललेलीच होती, त्यामुळे घरात कोणी बोलले नाही. तळाशी एक वही सापडली. बंदोबस्ताचे कागद चाळताना विहिरींचा उल्लेख आला, की मी तो चोरून या वहीत टिपून ठेवीत असे. अशी अकरा पाने भरली होती. नंतर परतल्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले काही. वरच्या विहिरीचे काम कोणी केले, पायऱ्या कोणी बांधल्या, दुष्काळात ती आटली का, असे सारे.

अकराही पानांचे फोटो मी नातीला पाठविले. तिला उपयोग होईल म्हणून नव्हे. ती बर्लिनमध्ये बसून आमच्या विहिरीचे काय करणार? फक्त दिसावे म्हणून.

दोन दिवसांनी तिचे उत्तर आले. तिचा विषय ठरला होता. त्या डालेमच्या इमारतीत मोजल्या गेलेल्या कवट्या कोठून आणल्या होत्या आणि पुढे त्यांचे काय झाले, याचे जे कागद तिथे मिळतील ते पाहावयाचे. प्रोफेसर काही बोलले नाहीत, नुसती मान हलविली म्हणे. आणि खाली माझ्या वहीविषयी एक ओळ होती.

“आजोबा, म्हाताऱ्या माणसांची नावं लिहिली आहेत तुम्ही, ती सगळी वरच्या आळीतली आहेत. ओढ्यापलीकडे कुणाला विचारलं होतंत का?”

संपादकांना लेख देण्याची मुदत आज संपते आहे. तिच्या पत्राला उत्तर अजून लिहावयाचे आहे.